नवास एक

पैशाला इथे बैसा म्हणतात.
पहिल्या वर्षी मला हसू यायचं:
बैस बाबा, बैस जरा, दमला असशील.
आता तो खरोखरच बसलाय.
तीनशे दहाला घेतलेला शेअर
चौऱ्याऐंशीवर, मांडी घालून,
उठायचं नाव नाही.

मोठी बँक येते आहे आमच्या छोटीला पदरात घ्यायला.
पत्रात शब्द आहे विलीनीकरण,
ओढा नदीला मिळतो तसा, खळखळ न करता.
आणि खाली आकडा:
तुमचे नऊ, आमचा एक.

शुक्रवारी संध्याकाळी रुवीत
टाइल्सच्या दुकानावरच्या खानावळीत आम्ही चौघं.
परकारभाईंनी चष्मा पुसून पत्राची मागची कोरी बाजूही पाहिली.
"मोड घेऊन गेल्यावर सोनार घट धरणारच," म्हणाले,
"आपण फक्त विचारायचं, किती धरतोस."
घाग क्रेन चालवतात, दिवसभर चाळीस मीटर वर.
घाईने खाली ठेवलेलं काहीच त्यांना आवडत नाही.
"थांबूया ना, बाय. वर जाईल. गेलेलं मी पाहिलंय."
कधी, ते आम्ही विचारलं नाही.
अँजेला तुस्कानो रात्रपाळीला निघालेली, पर्स मांडीवरच.
"नातेवाईक मला विचारतात, सिस्टर, नळी काढायची का?
मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
उशी सरळ करते."

माझे चौदाशे.
माझे म्हणजे दिगंबरचे.
जूनच्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून
तो शाखेबाहेर रांगेत उभा होता,
आणि घरी येऊन म्हणाला, मालक झालो आपण.
त्यानंतर पोरीची फी पाठवायला गेला की
तिथल्या वाकड्या खुर्च्या सरळ करायचा,
दोरीला बांधलेल्या पेनाला टोपण लावायचा.
काउंटरवरची झुवेना हसायची.
परवा मी गेले तेव्हा तिने हळूच सांगितलं,
माझेही आहेत दोनशे.
पेनाचं टोपण हरवलेलं होतं.

तसं पाहिलं तर आमचं कोण विचारतंय?
मोठ्या घरांनी होकार कळवून टाकलाय.
आम्हा चौघांची बेरीज
टक्क्याच्या चिन्हातल्या एका शून्यातही मावणार नाही.
तरी आम्ही तोलत बसलो तासभर,
सुरमई घेताना काट्यावर डोळा ठेवावा तसे.

चहा ठेवताना शमसुद्दीन थांबला.
त्याच्या कानावर काहीतरी आलं असणार.
शेअर म्हणजे काय ते त्याला माहीत नाही,
ठेव आहे, अकरा वर्षांची, बहिणीच्या लग्नाची.
"माझे पैसे राहतील ना?"

घागांनी बशीत चहा ओतला आणि तो पिईनात.
परकारभाई म्हणाले, "तुझे राहतील.
आम्ही हो म्हटलं तर राहतीलच."
तो गेला, दुसऱ्या टेबलावर फडकं मारायला लागला.

घरच्या कार्यात आधी पाहुण्यांची पंगत उठते.
घरच्यांना शेवटी खरवड मिळते, तीही उभ्याने.
मालक झालो आपण, दिगंबर.
मी होकारावर खूण केली.
घागांनी केली नाही. ते म्हणाले, उद्या बघतो,
आणि कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

मग मी हिशेब मांडला, रुमालाच्या कागदावर.
चौदाशे भागिले नऊ:
एकशे पंचावन्न, आणि वर पाच छेद नऊ.
तेवढ्या तुकड्याचा शेअर होत नाही.
तो म्हणे रोखीने देतात.
त्यांच्या आजच्या भावाने चारशे चव्वेचाळीस बैसा.

म्हणजे चार चहा, शंभराला एक.
वर चव्वेचाळीस.
त्यातल्या चाळिसांपर्यंत नाणी आहेत या देशात,
उरलेल्या चारांचं नाही.